पहिल्या खणातली सुपारी

सोजरबाईंना नवल वाटायला मोठं कारण लागत नसे. चाकणजवळ म्हाळुंग्याला गाड्यांचे दरवाजे बनवणाऱ्या एका कंपनीत त्या हाऊसकीपिंगला होत्या. तिथला अजस्र प्रेस धाडकन खाली यायचा, वर जायचा आणि मघाच्या सपाट पत्र्याच्या जागी गाडीचा दरवाजा पडलेला असायचा. हे रोज पाहूनही सोजरबाई हातातला मॉप तसाच धरून उभ्या राहत. सुपरवायझर ओरडायचा, "मावशी, पिक्चर चालू आहे का?" त्यावर त्या शांतपणे म्हणत, "व्हय साहेब, अन् तिकीट बी न्हाई." अतिपरिचयात अवज्ञा होते म्हणतात, पण या बाईंना तो रोग कधी लागलाच नाही.

अशा माणसाला कारखान्यात जरा खुळंच समजतात. समजोत बापडे. आठ तास पत्र्याचा खणखणाट ऐकून ज्यांचे कान आणि मनं दोन्ही बधिर झाली, त्यांनी दुसऱ्याला खुळं म्हणावं, हीही एक गंमतच.

कंपनीत हाऊसकीपिंगच्या प्रत्येक बाईला मावशीच म्हणतात. एखादी रजेवर गेली आणि तिच्या बदली दुसरी आली, तर तीही गेटच्या आत पाऊल टाकल्यापासून मावशी. नाव विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. सोजरबाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. फक्त ती हाक कानावर आली की त्यांच्या मनात तळाशी काहीतरी हलायचं. का हलायचं, ते सांगतोच.

प्रेस शॉपच्या कोपऱ्यात काचेची एक लहानशी खोली होती. बाहेर तेलाचा वास, घाम, ठोके. आणि आत एसीचा गारवा, मंद गुणगुण आणि हिरवे दिवे लुकलुकणारी एक लोखंडी चौकट. तिला रॅक म्हणत. धूळ नको म्हणून चप्पल बाहेर काढायचा नियम दारावर लावलेला होता. साहेब लोक बुटांसकट आत जात. सोजरबाई मात्र चप्पल काढत आणि उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावत. धुळीचा नियम त्यांनी वाचला नव्हता. त्यांना ती जागाच तशी वाटायची.

ती खोली होती अलमासच्या ताब्यात. अलमास म्हणजे काळेवाडीतल्या चांदभाई मेकॅनिकची मुलगी. चांदभाईंचं गॅरेज सोजरबाईंच्या गल्लीच्या तोंडाशीच, पण या दोघींची ओळख झाली ती कंपनीच्या बसमध्ये, शेजारच्या सीटवर. डिप्लोमा करून ती इथं नेटवर्कला लागली होती. बापाच्या हाताला ग्रीस, हिच्या हाताला वायरींचे चट्टे. स्वभावानं फटकळ, पण विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देणारी. आणि सोजरबाईंजवळ प्रश्नांचा तोटा नव्हता.

"ह्या डब्यात असतंय काय गं?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं.

"बोलणं," अलमास म्हणाली. "कारखान्यातल्या सगळ्या मशीन एकमेकींशी बोलतात ना मावशी, ते सगळं बोलणं या राउटरमधून जातं. प्रेस शॉपचं, वेल्डिंगचं, पेंटचं, गेटवरच्या थंब मशीनचं. प्रत्येकाला एक खण, खणात एक कार्ड."

खरंच तो डबा देवळीच्या खणांसारखा दिसायचा. शेजारी शेजारी उभे खण, प्रत्येकात एक हिरवी पट्टी सरकवलेली, पट्टीच्या तोंडाला वायर. शेवटचा एक खण रिकामा. लागला तर असावा म्हणून ठेवलेला.

एकदा भर शिफ्टमध्ये प्रेस शॉप थांबला. थांबला म्हणजे असा की क्षणभर सोजरबाईंना आपले कानच गेले असं वाटलं. अलमास धावत आली, रॅकचं दार उघडलं. पहिल्या खणातल्या कार्डाचा दिवा विझला होता. तिनं खिट्टी दाबली, मेलेलं कार्ड ओढून काढलं, कपाटातून नवं कोरं कार्ड आणलं, खोक्यातून बाहेर काढलं आणि त्याच खणात सरकवलं. वायर जोडली. दोघी बघत राहिल्या. दिवा आधी नारिंगी झाला, मग हिरवा. अलमासनं लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं, मान डोलावली आणि बाहेर प्रेस धाडकन खाली आला.

सोजरबाईंनी तोंडात बोट घातलं.

"अगं, पर ह्याला कुनी सांगितलं की तू प्रेस शॉपचा म्हनून? आता तर खोक्यातून निघालंय. नाळ बी वाळली न्हाई त्याची!"

"कोणी नाही. जागेनं सांगितलं." अलमास हसली. "कार्ड आत गेलं की आधी विचारतं, मी कितव्या खणात आहे? पहिल्या खणात असेल तर पहिल्या खणाचा पत्ता त्याला मिळतो. आयपी ॲड्रेस म्हणतात त्याला. पत्ता कार्डाचा नसतो मावशी, खणाचा असतो. पूर्वी कार्डासोबत पत्ता यायचा. कार्ड बदललं की सगळ्या मशीनना नवा पत्ता सांगत फिरायला लागायचं. आता काय, कार्ड मेलं, दुसरं बसवलं, कोणाला कळत पण नाही."

"अन् तू टाइप काय केलंस?"

"हाक मारली. त्या पत्त्यावर हाक मारायची, ओ आली की समजायचं, आहे जिवंत."

सोजरबाई तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांच्या अंगावर काटा आला होता. खोलीतल्या गारव्यानं नव्हे.

त्यांचं माहेर परभणीकडे, जिंतूर तालुक्यात. थोरली बहीण कौसल्या कोंडाजीला दिलेली. कोंडाजी भोसरीत प्रेसवर कामाला, बिऱ्हाड काळेवाडीत. संसार बरा चालला होता, आणि कौसल्याला कावीळ झाली. गावठी औषधात दिवस गेले आणि मग कौसल्याही गेली. मागं रुपाली, चार वर्षांची. तेराव्यानंतर घरातल्या मोठ्या माणसांनी ओसरीवर बसून ठरवलं, सोजरला द्यायची. घरातलीच बरी, पोरीला सावत्रपणा नको. सोजर आत भाकऱ्या थापत होती. तिला विचारायचं कोणाला सुचलं नाही आणि आपल्याला विचारायला हवं होतं हे तिलाही तेव्हा सुचलं नाही.

ती काळेवाडीला आली आणि बहिणीच्या जागेवर बसली. तीच खोली, तोच स्टोव्ह, ट्रंकेत बहिणीचीच लुगडी. शेजारणी चुकून कौसल्या म्हणायच्या आणि जीभ चावायच्या. कोंडाजी भला माणूस, पण जेवताना पाणी मागायचा तेही तिच्याकडे न बघता, जुन्या सवयीनं हात पुढे करून. आणि रुपाली. ती तोवर सोजरला मावशीच म्हणायची. सोजर घरात शिरली त्या दिवशी सासूनं पोरीला पुढं ढकललं. "आता हिला आई म्हणायचं बरं का." पोरगी जवळ आली, वर बघितलं आणि म्हणाली, "आई."

सोजरनं मागं वळून पाहिलं. तिला वाटलं, पोरीला दारात कौसल्याच दिसली. मागं कोणी नव्हतं. पोरीनं पुन्हा हाक मारली, "आई." तेव्हा कुठं सोजरच्या तोंडून "ओ" निघालं.

त्यानंतर त्या हाकेला त्यांनी किती वेळा ओ दिली, त्याला गणती नाही. रुपाली वाढली, शिकली, राजगुरुनगरला दिली, तिथं अंगणवाडीत सेविका झाली. दुसरं मूल सोजरबाईंना झालं नाही आणि त्यांनी त्याची खंतही केली नाही. पण एक सल आत राहिलाच. ती हाक मला होती, की त्या जागेला? माझ्या ऐवजी दुसरी कोणी आणून उभी केली असती तर पोरगी तिलाही तसंच आई म्हणाली नसती का? असलं काही पोटच्या पोरीलाही विचारता येत नाही, मग हिला कुठून विचारणार. आणि उत्तर नको ते आलं तर राहिलेलं आयुष्य काढायचं कसं?

आणि आज या डब्यानं ते उत्तर भर दुपारी दिल्यासारखं झालं. खोक्यातून निघालेलं कार्ड, बसलं जागेवर, झालं प्रेस शॉप.

संध्याकाळी बसमध्ये त्यांनी अलमासला विचारलं, "मंग त्या कार्डाचं सोताचं असं काय ऱ्हातंय गं?"

"काहीच नाही," अलमास खिडकीबाहेर बघत म्हणाली. "सगळी कार्डं सारखीच असतात. हेच तर सोपं आहे."

तिला बिचारीला काय माहीत, आपण कुठं बोट ठेवलं ते.

दुसरी एखादी त्या डब्यावर रागावली असती. सोजरबाईंचं उलटंच झालं. त्या खोलीचा त्यांना लळा लागला. एवढी मोठी गोष्ट, माणसाच्या जन्माची म्हणावी अशी, त्या पत्र्याच्या डब्याला ठाऊक आहे याचं त्यांना राहून राहून अप्रूप वाटायचं. प्रेस शॉपमधली बारीक लोखंडी भुकटी दाराखालून आत येते हे बघून त्यांनी उंबऱ्याशी रोज ओलं फडकं दाबून ठेवायला सुरुवात केली. रॅकचं दार कोरड्या कापडानं पुसताना त्या मनात म्हणायच्या, बाबा, तुला समदं कळतंय.

मग आली खंडेनवमी. आपल्याकडे दसऱ्याला कारखाना असा नटतो की नवरीनं लाजावं. मशीन बंद करून धुवायच्या, पुसायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, हळद-कुंकू वाहायचं. निरंजनसाहेब मेंटेनन्सचे मुख्य, एरवी हातात टॅब घेऊन फिरणारे. पण त्यांनीही बूट काढून मोठ्या प्रेसपुढे नारळ फोडला. पेढे वाटले. काचेच्या खोलीतही त्या दिवशी अंधार होता, कारण यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या म्हणून अलमासनं सगळं बंद केलं होतं. हिरवे दिवे विझलेला तो डबा बघून सोजरबाईंचा जीव कळवळला. सगळ्यांची पूजा झाली, याचीच राहिली.

अलमास बॅटरीवाल्यांशी फोनवर हुज्जत घालत होती. सोजरबाईंनी दारातून विचारलं, "ह्याची बी पूजा करू का गं?"

"करा की मावशी. बंदच आहे सगळं. फक्त पाणी लावू नका," एवढं बोलून ती बाहेर निघून गेली.

सोजरबाईंनी पाण्याचा थेंब लावला नाही. खिट्टी कशी दाबायची ते त्यांनी पाहिलेलं होतं. एकेक कार्ड बाहेर काढलं, मऊ फडक्यानं पुसलं आणि पाणी चालत नाही म्हणून हळद-कुंकू कोरडंच वाहिलं. आता पूजा म्हटली की पहिली जागा गणपतीची. ती रिकामी ठेवून कसं चालेल? कनवटीला सुपारी होतीच. पहिल्या खणात त्यांनी सुपारी ठेवली, तिच्यावर अक्षता टाकल्या आणि सगळी कार्डं एकेक खण पलीकडे सरकवली. शेवटचा खण रिकामा होता, त्यामुळं सगळी नीट बसली. प्रत्येक कार्डाची वायर त्यांनी आठवणीनं त्याच कार्डाला लावली, ज्याची त्याला. चूक होऊ नये म्हणून एका वेळी एकच कार्ड काढलं. आणि मनात जराही शंका नव्हती. कार्ड कुठलं का असेना, जागा सांगते ना त्याला! अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच, आणि इथं तर हळकुंडही खरंच होतं. हात जोडून, दार लावून त्या निघाल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर ही गर्दी. थंब मशीन अंगठा घेईना. आत प्रेस शॉप गप्प, वेल्डिंगचे रोबो मान खाली घालून उभे, पेंटवाल्यांच्या स्क्रीनवर फिरणारं चक्र. आदल्या दिवशी सोनं म्हणून आपट्याची पानं वाटणारे हात आता एकमेकांकडे बोटं दाखवू लागले. निरंजनसाहेब तावातावानं काचेच्या खोलीत आले, बुटांसकट. मागोमाग सोजरबाई दाराशी येऊन थांबल्या.

अलमास लॅपटॉप उघडून बसली होती. "दिवे सगळे हिरवे आहेत सर," ती बुचकळ्यात पडून म्हणाली. "पण पहिल्या खणाला हाक मारतेय, ओ नाही."

तिनं रॅकचं दार उघडलं. आत झेंडूचं फूल, कार्डांच्या कडांवर हळद-कुंकवाची बोटं आणि पहिल्या खणात, अक्षतांत बसलेली सुपारी.

"हे कोणी केलं?" साहेबांचा आवाज चढला.

"म्या," सोजरबाई म्हणाल्या. त्यांच्या पायाखालची वाळू सरकली होती, पण खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नाही. "म्या काढली कार्डं. पुसली, परत लावली."

साहेबांनी त्यांच्या गळ्यातला पास मागून घेतला. मग त्यांनी हाऊसकीपिंगच्या ठेकेदाराला फोन लावला. "उद्यापासून इथं दुसरी मावशी पाठवा."

दुसरी मावशी. सोजरबाईंनी ते शब्द ऐकले आणि त्यांना रडूसुद्धा आलं नाही. बरोबरच होतं की. उद्या कोणीतरी येईल, तिलाही सगळे मावशी म्हणतील, तीही मॉप मारेल, आणि कोणाला कळणारही नाही. अलमास म्हणाली होती तसंच. काम गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की इतकं सहज जाता येतं. आपण होतो कशाला मग?

"मावशी, इकडे या," अलमास म्हणाली. "वायरी काढायला दोन हात जास्त लागतात."

साहेब काही बोलणार होते, पण बाहेर सगळा कारखाना खोळंबलेला होता. सोजरबाई चप्पल काढून आत आल्या.

"तुमचं बरोबरच होतं," अलमास काम करता करता हळू आवाजात सांगू लागली. "कार्डं इकडची तिकडे झाली तरी काही बिघडत नाही. पण वायरी पण सरकल्या ना सोबत. प्रेस शॉपची वायर आता दुसऱ्या खणात आहे, आणि दुसऱ्या खणाचा पत्ता वेल्डिंगचा. बिचारा प्रेस पहिल्या खणाला हाका मारतोय, आणि पहिल्या खणात बसलेत गणपती."

तिनं सुपारी उचलली. तळहातावर घेऊन ती क्षणभर घुटमळली. "हिला कुठं ठेवू?" तिनं विचारलं. निरंजनसाहेबांनीच शेवटी पुढं होऊन ती घेतली आणि रॅकच्या डोक्यावर ठेवली. ठेवताना त्यांनी नकळत बूट काढले होते.

मग वीज बंद करून कार्डं परत सरकवायला सुरुवात झाली. सोजरबाई एकेक हातात देत होत्या. कुठलं आधी कुठं होतं हे अलमास विचारतही नव्हती. जे हाताला येईल ते खणात, आणि वायरीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचून ती वायर तिच्या खणाला. वीज चालू केली. दुसऱ्या खणाला हाक, ओ आली. तिसऱ्याला हाक, ओ आली. बाहेर वेल्डिंगचा पहिला रोबो मान वर करून उठला. हे कितीदा पाहिलं तरी सोजरबाईंना पुरत नसे, आणि आज तर पास गेलेला असतानाही त्यांचे डोळे विस्फारले. माणसाचा स्वभाव जात नाही तो असा.

पण पहिला खण गप्पच होता. कार्ड जागेवर, वायर जागेवर, दिवा मात्र लागेना.

"जागा तर बरोबर हाय न्हवं?" सोजरबाईंनी विचारलं.

"जागा बरोबर आहे. पत्ता पण मिळालाय," अलमास वाकून बघत म्हणाली. "पण हे ओ देत नाहीये."

तिनं कार्ड बाहेर काढलं. त्याच्या तळाशी सोनेरी दातांची ओळ असते, खणाला भिडणारी. आता काढता-घालताना कडेवरचं कोरडं कुंकू सांडून त्या दातांत बसलं होतं. अलमासनं पर्समधून साधा खोडरबर काढला, दात हळूहळू घासले, फुंकर मारली आणि कार्ड पुन्हा सरकवलं. नारिंगी. मग हिरवा. आणि बाहेर प्रेस असा काही आदळला की काचा थरथरल्या.

सोजरबाई त्या दिव्याकडे बघत राहिल्या. जागा होती, पत्ता होता, आणि तरी ओ नव्हती. म्हणजे ओ जागा देत नाही. ओ बसणाऱ्यानं द्यायची असते. आत काहीतरी मोठं उलगडल्यासारखं त्यांना झालं, आणि मघापासून न आलेलं रडू आता आलं.

अलमासनं ते पाहिलं. तिला वाटलं, पासासाठी रडतायत. ती उठून उभी राहिली. "सर, पूजा करायला मी सांगितलं होतं. न बघता. चूक माझी पण आहे."

"रॅक उघडायला सांगितलं होतंस?"

"नाही. पण अजून एक सांगते. वेल्डिंगकडचा नेटवर्कचा बॉक्स, पेंटकडचा बॉक्स, दोन्हींचे पंखे लोखंडाच्या धुळीनं जाम होऊन जळाले. आपणच बदलले. हा तर प्रेसच्या शेजारी आहे, सगळ्यात जास्त धूळ इथं. आत बोट फिरवून बघा."

साहेबांनी खरंच बोट फिरवलं, त्याला धूळ लागली नाही. मग वाकून त्यांनी उंबऱ्याशी दाबलेलं ओलं फडकं पाहिलं. सोजरबाईंनी आजही, गेटवरच्या त्या गोंधळातून आत शिरल्या शिरल्या, आधी ते बदललं होतं.

"हे कोणी सांगितलं होतं करायला?" त्यांनी विचारलं.

"कुनी न्हाई साहेब."

निरंजनसाहेबांनी पुन्हा फोन लावला. "राहू द्या. दुसरी नको. ह्याच पाहिजेत," असं म्हणाले आणि मग जरा अडखळून त्यांनी विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?"

"सोजर."

"सोजरबाई, रॅकच्या आत हात घालायचा नाही. पूजा बाहेरून." पास परत देऊन ते निघाले. बूट घालायला विसरले आणि अर्ध्या वाटेतून परत आले, ते वेगळं.

संध्याकाळी बस मोशीला अडकली. कंटेनरमागं कंटेनर, हॉर्नचा नुसता कल्लोळ. अलमास शेजारी डोकं टेकून पेंगत होती. रोज याच सुमाराला रुपालीचा फोन येतो, तसा आला. सोजरबाईंनी तिला सगळं सांगितलं. सुपारी, कुंकू, गेलेला पास, आलेला पास. हसता हसता रुपालीनं मध्येच विचारलं, "दुसरी मावशी पाठवा म्हणाले? तोंडावर?"

"म्हनाले. अन् आली बी असती गं दुसरी." सोजरबाई म्हणाल्या. एवढी वर्षं जे ओठांपर्यंत येऊन परत गेलं होतं, ते आज थांबेना. "रुपे, एक इचारू का? तवा माझ्या जागी दुसरी कुनी आनली असती, तर तिला बी तू आई म्हनली असतीस न्हवं?"

नसतं विचारलं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

"म्हटलं असतं," रुपाली म्हणाली. "आजीनं सांगितलं होतं ना. तिचा धाक केवढा. एकदा म्हटलं असतं."

"व्हय," सोजरबाई म्हणाल्या.

"अगं, ऐक तर. मला सगळं आठवतंय. मी हाक मारली आणि तू मागं वळून बघितलंस. मला इतका राग आला! मागं कोण होतं? आई गेली हे मला कळत होतं, मी काय वेडी होते? तू रडत होतीस, पदरानं नाक पुसत होतीस, माझ्यासारखीच. म्हणून मी परत हाक मारली. पहिल्यांदा आजीनं सांगितलं होतं. दुसऱ्यांदा कोणी सांगितलं नव्हतं."

सोजरबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. पुढचा कंटेनर हलला, बसला गचका बसला, अलमास जागी होऊन त्यांच्याकडे बघू लागली. फोनमध्ये हॉर्नच हॉर्न ऐकू जात असणार, कारण रुपालीनं मोठ्यानं विचारलं, "आई? आहेस ना? आई!"

"ओ," सोजरबाई म्हणाल्या.